गुरुजींच्या मशीनमधला उंदीर

रज्जाकभाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते आमच्या न्हाणीघराच्या बाहेर होते आणि मी आत कोंडलेला होतो. मला कोंडणारी होती आमची वॉशिंग मशीन. वरून झाकण उघडणारी, पांढरीशुभ्र आणि दिसायला अगदी गरीब स्वभावाची. त्या दिवशी मी तिच्यात दुहेरी गोधडी एकटीच घातली, झाकण लावलं आणि निकाल पाहायला शेजारी स्टूल टाकून बसलो. धुणं झालं, पाणी गेलं, पिळायची वेळ आली आणि मशीनच्या अंगात आलं. धाड धाड करत ती जागची निघाली, फरशीच्या उताराने चालत दारापाशी गेली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. दार आतल्या बाजूला उघडणारं. प्लग उपटला गेला म्हणून थांबली, नाहीतर बाई त्या दिवशी अकोट रोडला लागल्या असत्या.

माझी बायको मंगल बाहेरून ओरडत होती, "तुम्ही मशीनला काय केलं?" मशीनने तुम्हाला काय केलं, असं तिने विचारलं नाही. आजवर विचारलेलं नाही.

थोड्या वेळाने व्हेंटिलेटरच्या फटीत एक चेहरा उगवला. मेंदी लावलेली दाढी, कानावर पेन्सिल, जाड भिंगांचा चष्मा.

"सर, नमस्कार. शेजारी मिक्सर पाहाले आलो होतो, बाईनं बलावलं. आता तुमी आतच हा तर कामाचं बोला. मागचा डावा पाय हालते का?"

"माझा?"

"मशीनचा. तुमचा पाहाले डॉक्टर हाये."

आधी गोधडी काढायला लावली. तिने मला नखशिखांत आंघोळ घातली. मग मशीन ढकलायला लावली. दार मोकळं झालं, मी कडीकडे हात नेला, तर हा माणूस म्हणतो, "थांबा, थांबा. तुमी बाहेर येसान तर पुन्हा आत कोण जाईन? पाय बसवूनच या." आणि फटीतून एक पाना आत पडला. पुढचा पाऊण तास मी ओल्या लेंग्यात पालथा पडून मशीनचे पाय वरखाली करत होतो आणि वरून सूचना येत होत्या. "अजून अर्धा आटा. नाई, तिकडे नाई, घड्याळासारखं. सर, तुमी शाळेत काय शिकवता?" "भूगोल." "मंग बराबर हाये."

शेवटी बाहेर आलो तेव्हा ते म्हणाले, "मशीन पळत नाई सर. सगळा बोजा एका अंगावर आला, तर ती बिचारी तोल सावरून राहिली होती. एकटी गोधडी टाकत जाऊ नोका. संगं दोन चादरी द्या, म्हंजे समोरासमोर बसते."

असे रज्जाकभाई. मूळचे अकोटचे, जिनिंगमध्ये फिटर. पंचवीस वर्षं त्यांनी सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या यंत्रांची काळजी वाहिली. मग कापसाचं जे काही झालं ते आपल्याला ठाऊकच आहे. एकेक जिनिंग बंद पडत गेलं, यांच्या मालकानेही एका सकाळी फाटकाला कुलूप घातलं, आणि रज्जाकभाई हत्यारांची पिशवी आणि एक जुनी लुना घेऊन अकोल्याला मेहुण्याकडे आले. "तिथं सरकी आन रुई वेगळी करत होतो, इथं कापड आन मळ वेगळा करतो," असं सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

आमची कॉलनी पगारदारांची. त्या वर्षांत पेपरचं पहिलं पान वाचून आम्ही गप्प व्हायचो, आणि आतल्या पानावरची मशीनची जाहिरात कापून ठेवायचो. गावाकडून येणारा प्रत्येक पाहुणा वाईट बातमी घेऊन यायचा आणि त्याच आठवड्यात कुणाच्या तरी दारात टेम्पोतून मशीन उतरायची. तेव्हा रज्जाकभाईंना आमच्याकडे काम भरपूर होतं.

ते कधीच आधी मशीन पाहत नसत. आले की सरळ अंगणात जायचे आणि दोरीवरचे कपडे पाहायचे. हात मागे बांधून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मानवंदना घेणाऱ्या मंत्र्यासारखे. "मशीन खोटं बोलते. माणूस त्याहून खोटं बोलते. दोरी खोटं नाई बोलत." काळ्या पँटवर पांढरे ओघळ दिसले की साबण जास्त. कपड्यांतून पाणी टिपकत असलं की पिळणं कमी. बाहीला पीळ पडलेला दिसला की खालच्या चकतीत काहीतरी अडकलंय. इंगळ्यांच्या दोरीसमोर तर ते दोन मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "साबण जादा, पाणी कमी, आन साहेबाच्या खिशात तंबाखूची पुडी." इंगळ्यांनी तंबाखू सोडल्याची शपथ बायकोच्या माहेरी, सासऱ्यांसमोर घेतली होती. मशीन त्या दिवशी दुरुस्त झाली. पुढचे चार दिवस त्या घरात फक्त मशीनच बोलत होती.

काम झालं की परीक्षा. भरलेला चहाचा कप झाकणावर ठेवायचा आणि मशीन पिळायला लावायची. टब आत गरगर फिरतोय, घरातली सगळी माणसं श्वास रोखून कपाकडे पाहताहेत, आणि रज्जाकभाई खिडकीबाहेर. चहा बशीत सांडला नाही तर ते तो पिऊन टाकायचे. सांडला तर कप तसाच बाजूला ठेवून पुन्हा पाना हातात घ्यायचे. "हराम चहा आपल्याले चालत नाई." एकदा देशमुखबाईंकडे तीन कप सांडले. चौथा प्यायले तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि देशमुखबाईंची साखर संपली होती.

त्यांच्याकडे पाटी नव्हती, छापील कार्ड नव्हतं. एकच बोलणं होतं, आणि ते त्यांनी स्वतः सगळ्यांना सांगून ठेवलं होतं: "मी हात लावलेली मशीन त्याच दुखण्यासाठी मले दुसऱ्यांदा बलावत नाई." ऐकणाऱ्याला फुशारकी वाटायची. पण त्यांच्या मालकीचं या शहरात तेवढंच होतं, आणि त्यावरच सगळं चालू होतं. ते मोडलं कसं, त्याची गोष्ट सांगतो.

कॉलनीच्या मधल्या गल्लीत पाठकगुरुजी राहत. आमच्या सगळ्यांचे मुहूर्त, वास्तू, बारशी त्यांच्या हातची. सडपातळ, कडक आणि मनाने चांगले. गरिबाघरचं लग्न फुकट लावून द्यायचे, शिवाय वधूला साडी. पाठककाकूंचा हात मोडला तेव्हा पुण्याच्या मुलाने मशीन पाठवली. स्वतः यायला त्याला जमलं नाही. गुरुजींनी मशीनला कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि महिनाभरात ती बंद पडली. पाणी उतरेना.

रज्जाकभाईंनी तिची फिरती चकती उघडली तेव्हा अर्धी गल्ली जमली होती. चकतीखालून निघाल्या मूठभर अक्षता, तीन सुपाऱ्या, फुलवातींचा गोळा, हळकुंड, आणि सगळ्याला वेढे घालून बसलेलं एक जानवं. गुरुजींच्या उपरण्याच्या गाठीत जे जे होतं ते ते मशीनने ठेवून घेतलं होतं. रज्जाकभाईंनी एकेक जिन्नस स्वच्छ कागदावर मांडला, ताटात ठेवला आणि ताट दोन्ही हातांनी पुढे केलं. "गुरुजी, आत पूजा चालू होती. मी मधात घुसलो, माफी करा." गुरुजीसुद्धा हसले. रज्जाकभाईंना पाटावर बसवून चहा दिला. कप मात्र वेगळा. तो गुरुजींच्या घरी व्हेंटिलेटरच्या खालच्या फळीवर असायचा, आणि रज्जाकभाई पिऊन झाल्यावर तो स्वतः विसळून तिथे ठेवायचे. यावर कधी कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

आठ दिवसांत मशीन पुन्हा बिघडली. धुवायची नीट, पण पिळायची वेळ आली की टूं टूं करत दिवा लावायची. म्हणे झाकण उघडं आहे. झाकण तर बंद. रज्जाकभाईंनी मागची पट्टी काढली, झाकणाचा स्विच घासूनपुसून बसवला. चालू. आठ दिवसांनी पुन्हा टूं टूं. आता त्यांनी नवा स्विच टाकला, पैसे घेतले नाहीत, आणि घरी जाऊन जेवले नाहीत, असं त्यांच्या मेहुण्याने सांगितलं. पुन्हा आठ दिवस. पुन्हा टूं टूं.

पाठककाकू आता स्पष्टच म्हणू लागल्या, "तुमचा हात लागला की आठवड्यात बिघडते हो ही." तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं की काकू अक्षरशः खरं बोलताहेत.

स्विचसाठी तिसऱ्यांदा ते आले तेव्हा बॅटरी धरायला मला बोलावलं. काकू स्वयंपाकघरात, गुरुजी न्हाणीघराच्या दारात. रज्जाकभाईंनी पट्टी उघडली. नवा स्विच हिरवागार झाला होता, तारांच्या टोकांवर पांढरट खारे थर. त्यांनी बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. मग पेन्सिल कानावरून काढून परत कानावर ठेवली.

"गुरुजी, घरात गाय हाये का?"

"नाही," गुरुजी म्हणाले.

"मंग इतक्या वर कोण करून गेलं?"

गुरुजींचा चेहरा मी आयुष्यात तसा पाहिला नाही. तांब्याची झारी तिथेच कोनाड्यात होती. माझ्या हातातली बॅटरी, माझी काही चूक नसताना, आपोआप त्या झारीवर गेली. रज्जाकभाईंचा कप वेगळ्या फळीवर ठेवता येत होता. मशीन कोणत्या फळीवर ठेवणार? म्हणून ते गेले की गुरुजी तिला गोमूत्र शिंपडून शुद्ध करत. आणि गुरुजींचा हात दानात काय, शिंपडण्यात काय, सढळ.

रज्जाकभाईंनी स्विच पुसला. मग पिशवीतून जाड प्लॅस्टिकचा तुकडा काढला, कात्रीने कापला, पट्टीखाली नीट चारी बाजूंनी दाबून बसवला. हे करताना त्यांनी गुरुजींकडे पाहिलं नाही. हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या मनाले बरं वाटत असन तर शिंपडजा. पण हे वरचं सोडून. समोरच्या पत्र्यावर शिंपडजा. पत्र्याले काई होत नाई."

तेवढ्यात काकू पदराला हात पुसत आल्या. "सापडलं का काही?"

गुरुजींनी भिंतीला हात टेकला. रज्जाकभाई हसून म्हणाले, "सापडलं ना काकू. उंदीर. लय वात्रट उंदीर. रोज स्विचवर मुतून राहिला होता."

मला वाटलं, सुटलो सगळे. कसचं काय! ज्या बाईने चाळीस वर्षं घर आरशासारखं ठेवलं, तिच्या घरात उंदीर? काकूंचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू गेला. "माझ्या घरात उंदीर? स्वतःला काम येत नाही, आणि उंदरावर ढकलता?" रज्जाकभाई खाली मान घालून पिशवी भरत होते. बाहेर लुनाजवळ मला म्हणाले, "सर, मास्तर लोकायच्या पोटात काई राहत नाई, मले मालूम हाये. पण हे ठेवा. बुढ्या माणसाची इज्जत हाये."

मी ठेवलं. माझ्यासारख्याला हे सोपं नव्हतं. मला पोटात ठेवलेल्या बातमीने खरोखर गॅसेस होतात.

मशीन त्यानंतर बिघडली नाही, पण ते कुणाला सांगायचं? काकू भिशीत गेल्या, हळदीकुंकवाला गेल्या, आणि जिथे गेल्या तिथे उंदीर घेऊन गेल्या. ज्या बायका वर्षभर रज्जाकभाईंच्या चहाच्या परीक्षेला टाळ्या वाजवत होत्या, त्या म्हणू लागल्या, "तीनतीनदा यावं लागते त्याले. वर बहाणे सांगते." लुनाचा आवाज कॉलनीत आठवड्यातून एकदा, मग पंधरा दिवसांतून एकदा येऊ लागला. एकदा जुन्या बसस्टँडजवळ भेटले. दाढीची मेंदी उतरली होती.

"अकोटले एका कापसाच्या गोदामावर चौकीदारीचं बोलून राहिले लोक," म्हणाले. "बसून राहाचं काम हाये. आरामाचं." आणि आपल्या हातांकडे पाहत राहिले.

मी तडक गुरुजींकडे गेलो. ते जप करत होते. मी म्हटलं, "रज्जाकभाई चौकीदार होताहेत." गुरुजींनी माळ थांबवली नाही. मी म्हटलं, "उंदीर मोकाट आहे आणि शिक्षा भलत्यालाच होतेय." माळ थांबली. मग पुन्हा फिरू लागली. मी घरी आलो, मंगलला म्हटलं, हा माणूस काही बोलणार नाही. मंगल म्हणाली, "कोणता माणूस? काय बोलणार?" मी तोंडात पोळी कोंबली.

पंधरा दिवसांनी इंगळ्यांकडे सत्यनारायण होता. तोवर माझी अमरावतीला बदली झाली होती, सामान बांधून झालं होतं, कॉलनीतला तो आमचा शेवटचा रविवार. गुरुजींनी इंगळ्यांना आदल्या दिवशी निरोप धाडला होता: तुमची मशीन आवाज करते ना, मग रज्जाकला उद्याच, पूजेच्या वेळीच बोलवा. इंगळे माझ्या कानात म्हणाले, "आता मशीनचाही मुहूर्त काढून राहिले का हे?"

चाळीसेक माणसं. कथा झाली, गुरुजींनी पोथी मिटली, आम्ही आरतीसाठी उठू लागलो, तर ते म्हणाले, "बसा. अजून थोडं राहिलं." आणि त्याच कथेच्या सुरात, डोळे मिटून सुरू केलं.

"एका नगरात एक ब्राह्मण होता. त्याच्या घरी वस्त्रे धुण्याचं यंत्र होतं. एक कारागीर ते दुरुस्त करी. कारागीर गेला की ब्राह्मण त्या यंत्रावर गोमूत्र शिंपडी, आणि यंत्र बिघडे."

मागच्या व्हरांड्यातून एकदम घुर्र आवाज आला. रज्जाकभाईंनी इंगळ्यांची मशीन पिळायला लावली होती. कामाला बोलावलेला माणूस कामाला लागला होता. कथा ऐकायला त्याला कुणी बसवलंच नव्हतं. गुरुजींचा सूर त्या आवाजात बुडाला. त्यांनी डोळे उघडले, क्षणभर व्हरांड्याकडे पाहिलं, आणि मग सूर सोडून, साध्या बोलण्यात, जितका चढवता येईल तितका आवाज चढवून म्हणाले, "तो ब्राह्मण मी! कारागिराने मला वाचवायला उंदराचं नाव घेतलं. उंदीर नव्हता! त्या माणसाच्या कामात खोट नव्हती, माझ्यात होती! ऐकलं सगळ्यांनी?"

ऐकलं सगळ्यांनी. फक्त ज्याने ऐकायचं तो मशीनपाशी, पत्र्यावर तळवा ठेवून बसला होता.

मग पाठककाकू उठल्या. मला वाटलं आता रडतील, किंवा गुरुजींना काहीतरी बोलतील. काकूंनी चारी बाजूंना विजयी मुद्रेने पाहिलं. "मी सांगत नव्हते? माझ्या घरात उंदीर नाही!"

व्हरांड्यातला आवाज थांबला. रज्जाकभाई हात पुसत दारात आले. "झालं इंगळेसाहेब, पट्टा ढिला होता." आणि चाळीस माणसं आपल्याकडे पाहताहेत हे बघून तिथेच थबकले. आधी देशमुखबाई बोलल्या, "रज्जाकभाई, जाता जाता आमची पाहून जाजा. पाणीच घेऊन नाई राहिली." मग दुसरी कुणी. मग तिसरी. सहा घरांनी सहा दुखणी सांगितली. त्यांतली चार त्या क्षणी तयार झालेली असावीत.

रज्जाकभाई माझ्याजवळ सरकले. "सर, काय झालं हो?"

मी तोंड उघडलं. चौरंगापलीकडून गुरुजी माझ्याकडे पाहत होते. चाळीस जणांसमोर बोलून झालेला तो माणूस या एकासमोर मात्र मान हलवून नको, नको म्हणत होता. मी तोंड मिटलं. गुरुजी प्रसादाचा द्रोण घेऊन उठले. आम्हा सगळ्यांना ते शिरा वरून, वीतभर उंचीवरून हातात टाकायचे, सोवळ्यात असले की आपल्या मुलालाही. तो द्रोण त्यांनी रज्जाकभाईंच्या तळहातावर ठेवला आणि बोटं लगेच काढली नाहीत. रज्जाकभाई गोंधळून कधी द्रोणाकडे, कधी गुरुजींकडे पाहत होते.

मी निघालो तेव्हा ते कोपऱ्यावरच्या वीज डीपीखाली उभे होते. लुना खांबाला टेकवलेली, खांद्याला पिशवी, डाव्या हातात शिऱ्याचा द्रोण तसाच.

"काय पाहता?" मी विचारलं.

"उद्या अकोटले जाचं होतं. आता कसं जमन?" ते वरच पाहत म्हणाले. "एका दिवसात सहा मशीनी, सर. असं आपोआप होत नाई. लाइनीत व्होल्टेज जादा आलं असन."

"असेल," मी म्हटलं.

त्यांनी उजवा हात डोळ्यांवर धरला आणि एकेक तार पकडून, खांबामागून खांब, त्यांची नजर इंगळ्यांच्या घराकडे निघाली.